तीन थेंब तेल

१७ ऑक्टोबर २०१०, रविवार. दसरा

तीन थेंब. मोजून तीन थेंब घातले म्हणे. जास्त घातलं तर सूत काळं पडतं, हे वर मलाच ऐकवलं.

मी सकाळी विहारात वंदनेला गेले होते. तासाभराने घरी येते तर काय — अण्णांनी खाटेवर वर्तमानपत्र पसरलंय आणि त्यावर माझा कॉम्प्युटर सोलून ठेवलाय. एकेक भाग फडक्याने पुसून ओळीत मांडलेला. मधोमध हार्ड डिस्क, झाकण काढलेली. शेजारी शिलाई मशीनच्या तेलाची कुपी. चेहरा असा, की आता मी शाबासकी देणार.

"आत स्पिंडलच हाय की गं. कोरडं फिरत होतं."

आमचे वडील सव्वीस वर्षं मिलच्या रिंगखात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात, स्पिंडलना तेल घालणारे तेलवाले. कापड विणायच्या लूमखात्यात त्यांना कधी घेतलं नाही, कारण तिथे धागा तोंडाने ओढायचा, आणि आमच्या तोंडाचा विटाळ व्हायचा. तोंड विटाळायचं, हात नाही! म्हणून तेलाचा डबा दिला. दसऱ्याला मिलमधली सगळी मशीनं साफ व्हायची. आमच्या घरात हार नाही, कुंकू नाही, पूजा तर नाहीच, पण सफाईचं खूळ संपाला अठ्ठावीस वर्षं झाली तरी जात नाही. दर दसऱ्याला पंखा, मिक्सर, शिलाई मशीन. आणि दर दसऱ्याला तेच पाठांतर — भरल्या मशीनला हात लावायचा नाय, आधी माल उतरवायचा, मग सफाई, मग तेल. मला झोपेतसुद्धा म्हणता येईल. यंदा कॉम्प्युटरचा नंबर लागला.

जोडून चालू केला. कर्र, कर्र. बंद करून परत चालू केला. मग काहीच नाही.

त्या डिस्कमध्ये अण्णांचे मिलचे सगळे कागद स्कॅन करून ठेवलेत. तिकीट म्हणजे हजेरीचं कार्ड, पगाराच्या पावत्या, विम्याचं कार्ड. शेजारच्या सुंदराबाईच्या नवऱ्याचे, दगडूकाकांचेही त्यातच. काका जाऊन सहा वर्षं झाली. गिरणी कामगारांच्या घरांसाठी पंधरा नोव्हेंबरच्या आत ते दाखवायचेत. ब्याऐंशीच्या संपाआधी मिलमध्ये होतो याचा पुरावा नाही, तर घर नाही. अण्णांना नाही, सुंदराबाईला नाही.

मी गॅलरीत उभी राहून ओरडले. सगळा मजला बाहेर आला. शेवटी म्हटलं, "आता एक शब्द बोलायचा नाही तुम्ही. या कॉम्प्युटरबद्दल तोंड उघडायचं नाही, कुणाजवळही."

अण्णा काहीतरी सांगायला गेले. मी हात वर केला. 

१८ ऑक्टोबर, सोमवार

जगदीशचा फोन. माझा धाकटा भाऊ, राहतो कल्याणला, अक्कल पुरवतो नायगावला.

"ताई, बॅकअप घेतला होतास ना?"

घेतला होता ना! अगदी व्यवस्थित. 'बॅकअप' नावाचा फोल्डर केला आणि सगळं त्यात परत एकदा कॉपी केलं.

"कुठल्या डिस्कवर?"

त्याच डिस्कवर.

जगदीश एवढा हसला की त्याच्या बायकोने फोन घेतला आणि कोण गेलं विचारलं. हस रे बाबा. म्हणजे मी घराची दुसरी किल्ली करून घेतली आणि ती त्याच घरात ठेवून कुलूप लावलं. ऑफिसात सगळ्यांना कॉम्प्युटर मी शिकवते.

१९ ऑक्टोबर

अण्णा बोलत नाहीत. चहा करून देतात, पण बोलत नाहीत. उत्तम.

२० ऑक्टोबर, बुधवार

अर्धी सुट्टी टाकून डिस्क घेऊन दादरला गेले. हरवलेला डेटा परत काढून देणारे लोक आहेत म्हणे, कबुतरखान्यापासून पाच मिनिटांवर, दुसरा मजला. आत गेलं की चपला काढा. देवळात काढत नाही मी, इथे काढल्या.

साहेब पंचविशीचा. पांढरा कोट. डिस्कला पेशंट म्हणतो. "पेशंटला काय झालं?"

म्हटलं, तेल घातलं.

त्याने पेन खाली ठेवलं. "तेल? कसलं?"

"शिलाई मशीनचं. तीन थेंब."

आतून दुसऱ्याला बोलावलं, मग तिसऱ्याला. तिघंही आळीपाळीने वाकून बघत होते. एकाने मोबाइलवर फोटो काढला. मीही काय काय सांगितलं त्यांना अण्णांबद्दल! रिंगखातं काय, स्पिंडल काय. खूप हसलो आम्ही.

मग त्याने विचारलं, "पण मॅडम, ओरिजिनल कागद असतीलच ना? मग एवढं टेन्शन कशाला?"

असतीलच, म्हटलं. आणि जिना उतरले.

आता इथे तरी खरं लिहिते. नाहीत. जूनमध्ये कॉम्प्युटर घेतला, आठवडाभर बसून सगळं स्कॅन केलं, आणि खाटेखालच्या ट्रंकेतला सगळा गठ्ठा रद्दीवाल्याला दिला. कुबट वास यायचा, कडा कुरतडलेल्या. स्पष्ट छापील प्रत चालेल, असं घरांच्या अर्जाच्या खिडकीवरची बाई म्हणाली होती. मग म्हटलं, कागद कुजतो, कॉम्प्युटर कुजत नाही. दगडूकाकांचेही त्याच गठ्ठ्यात गेले. सुंदराबाईने सांभाळायला दिले होते. जुन्या पेपरांबरोबर तोलले रद्दीवाल्याने. कुणाला माहीत नाही. अण्णांनाही नाही.

२२ ऑक्टोबर, शुक्रवार

सुंदराबाई आल्या. दगडूकाकांचे कागद द्या म्हणाल्या, दिराला दाखवायचेत.

मी म्हटलं, ते कॉम्प्युटरमध्ये होते मावशी, आणि अण्णांनी...

पुढचं मला बोलावंच लागलं नाही. बाई सरळ अण्णांच्या अंगावर गेल्या. "राजारामभाऊ, आमच्या मालकांनी तुम्हाला भाऊ मानलं. संपात आमच्या चुलीवर तुमची भाकर भाजली. आणि तुम्ही त्यांचं नाव पुसलंत?" रडत होत्या. कागदाच्या मूळ प्रती असतात हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही. त्यांना वाटतं, कागद कॉम्प्युटरच्या आत घातले म्हणजे आतच गेले.

अण्णा मान खाली घालून बसले होते. एकदा माझ्याकडे बघितलं. मी भाजी निवडत होते. खरं तर निवडून झाली होती.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. पण बोंब मी मारली नाही, मी नुसती गप्प राहिले. असं स्वतःला सांगून बघितलं. पटत नाही.

२५ ऑक्टोबर, सोमवार

पांढऱ्या कोटाचा फोन. "प्रयत्न सुरू आहेत. पेशंट क्रिटिकल आहे."

मेल्या, पेशंटला काय होतंय, मी क्रिटिकल आहे.

संध्याकाळी अण्णा समोर येऊन उभे राहिले. घसा खाकरला. मी म्हटलं, "कॉम्प्युटरचं काही असेल तर नको." ते परत खाटेवर जाऊन बसले. मिलमध्ये सगळे एवढे आज्ञाधारक असते तर संपच झाला नसता.

२९ ऑक्टोबर, शुक्रवार

निकाल लागला. डिस्क एका सुंदर खोक्यात घालून परत दिली, मिठाई देतात तशी. वर स्टिकर — ठीकठाक इंग्रजीत — काहीही मिळू शकलं नाही. तबकड्यांवर तेल पसरलं, वर धूळ बसली, आणि ती दोनदा फिरवल्यामुळे ओरखडे पडले. फिरवली कोणी? मी. अण्णांनी नुसतं उघडून तेल घातलं होतं, चालू मी केली. "चालू केली नसती तर थोडे चान्सेस होते," म्हणाला.

जाताना सल्ला — "मॅडम, नेहमी बॅकअप वेगळ्या जागी ठेवावा."

चपला घालून आले.

३० ऑक्टोबर, शनिवार

आज सुंदराबाईंना सांगायचं ठरवलं होतं. वाक्य तयार केलं. मावशी, कागद मी रद्दीत घातले. एवढंच. ऑफिसात दिवसभर मनात म्हटलं.

त्यांच्या दारात गेले. त्या दगडूकाकांचा फोटो पुसत होत्या. म्हणाल्या, "तुझी काय चूक गं शैला, तू तर चांगलंच करायला गेलीस. म्हाताऱ्याला अक्कल नाही त्याला तू काय करशील."

वाटी परत द्यायला आले होते असं म्हटलं. वाटी हातात नव्हती.

लाज वाटते. बेचाळीस वर्षांची बाई मी, सभेत भाषणं करते, शिका म्हणून सांगते पोरींना.

१ नोव्हेंबर, सोमवार

ऑफिसातून आले तर घरी रामजीकाका. अण्णांचे मिलमधले जोडीदार, डिलाईल रोडला राहतात. दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी गावी गेले होते, कालच आले. हातात पिशवी, पिशवीत पेपरात गुंडाळलेलं काहीतरी.

"राजा, झाली का नाय सफाई? तुझा माल घेऊन आलोय."

पेपर उलगडला. दोन सीड्या.

दसऱ्याच्या आधी शुक्रवारी, मी ऑफिसात असताना, अण्णांनी कॉम्प्युटर चादरीत बांधला, टॅक्सीत घातला आणि डिलाईल रोडला नेला. काकांची सून मीनाक्षी कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवते. तिच्याकडून मिलच्या कागदांचा फोल्डर उतरवून घेतला. एक नाही, दोन प्रती. आणि दोन्ही तिथेच ठेवल्या. काका सांगत होते, "म्हणाला, मशीन आणि माल एका खोलीत ठेवायचा नाय. आग लागली तर दोन्ही जातं."

दादरच्या पांढऱ्या कोटाने चपला काढायला लावून जे शिकवलं ते हेच.

ऑफिस बंद व्हायला आलं होतं, तरी धावत परत गेले आणि सीडी लावून बघितली. सगळं आहे. अण्णांचं तिकीट आहे. दगडूकाकांच्या पावत्या आहेत, एकूण एक. तिथेच टेबलावर डोकं ठेवून रडले. शिपाई पाणी घेऊन आला.

२ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी विचारलं, "अण्णा, सांगितलं का नाही?"

"तूच म्हणालीस ना, एक शब्द बोलू नका. कुणाजवळही."

बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, "ट्रंक मी ऑगस्टातच उघडली होती, शैले. रिकामी दिसली. म्हणून तर नेला कॉम्प्युटर रामजीकडे. मग बघत होतो, सुंदराबाईला तू सांगतेस का."

म्हणजे सुंदराबाई अंगावर येऊन बोलत होत्या तेव्हा अण्णांना माहीत होतं. मान खाली घालून ऐकून घेतलं सगळं.

एवढं लिहून सुंदराबाईंकडे जाते. वाटी न घेता.