बाळाच्या कपाळावरची लव

प्रिय ताई,

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. बाळ बरं आहे हे कळूनसुद्धा. तुला घराबाहेर काढलं, तेच आठवत राहिलं.

मला वाटलं, तू बाई व्हायच्या गोळ्या घेतेस, त्याचंच काहीतरी त्याला बाधलं. पाच महिन्यांचं पोर आणि कपाळभर, गालभर काळी लव. मी घाबरले आणि तोंडाला येईल ते बोलले. तू म्हणालीस, "आधी डॉक्टरला दाखव, मग शिव्या दे," आणि बॅग उचललीस.

काल दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कोणी केस वाढायचं औषध लावतं का?" तेव्हा माझी ट्यूब पेटली. गोळ्या सुरू व्हायच्या आधीपासून तू डोक्याला ते पाणी चोळतेस. गोळ्यांनी गळती थांबते, पण गेलेले केस परत येतीलच असं नाही, हे तूच सांगायचीस. आणि हे कार्टं तुझ्याच उशीवर, तुझ्या डोक्याला गाल घासत झोपायचं. माझ्याकडे नुसतं रडायचं.

बाईंनी छाती तपासली, ठोके नीट आहेत. लव काही महिन्यांत झडेल म्हणाल्या. तुला औषध सोडायला नको, फक्त त्याची उशी वेगळी ठेवायची. मी तिथेच खुर्चीत बसून हमसून रडले, इतकं हलकं वाटलं.

तुला फोन करायला मला तोंड नाही. बाळाला आता तूच सांभाळ.

तुझी धाकटी

ता. क. हे पत्र ज्याला सापडेल त्याने माझ्या भावाला फोन करावा. माझ्या मोबाईलमध्ये नंबर 'दादा' नावाने आहे. बोलताना मात्र ताई म्हणा.