बाभळीवरची नोटीस

सर, पाण्यातलं देऊळ गेलं. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली, तरी हे आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं.

तापीवरच्या धरणाच्या फुगवट्यात तुम्ही आम्हाला होडीतून नेलं होतं, तो मे महिना आठवतो. पाणी इतकं उतरलेलं, की होडीतून वाकलं तर शिखराचा दगड हाताला लागत होता. मी चावीने त्यावरचं शेवाळ खरवडलं आणि तुम्ही माझ्या मनगटावर फाडकन मारलंत. "आपलं नाही ते," एवढंच म्हणालात. वल्हं मारणारा भोई तेव्हा पंचविशीतला असेल. तो माझ्याकडे बघून हसला होता.

पुढे धुळ्याला कॉलेजात शिकवायला लागले आणि ते देऊळ संरक्षित व्हावं म्हणून अर्ज केला. स्वभावाप्रमाणे सगळं नेमकं लिहिलं: गट नंबर, खोली, काठावरच्या बाभळीपासूनचं अंतर. संरक्षण मिळण्याआधी हरकती मागवतात आणि ती नोटीस वास्तूजवळच लावावी लागते. वास्तू पाण्याखाली, म्हणून शिपायाने ती त्या बाभळीलाच ठोकली. माझं मोजमाप जसंच्या तसं तिच्यात होतं. हरकतींना दोन महिने होते. वाळूवाले अकराव्या दिवशी आले. कोरीव दगडाला बंगलेवाल्यांचं गिऱ्हाईक असतं.

त्याच भोयाने आपली होडी आडवी घातली. ते त्याला केसांना धरून काठावर आणतात, नोटिशीखाली बांधतात. वल्हं त्याचंच. पहिला घाव खांद्यावर, दुसरा तोंडावर. बुडी मारून शिखराला दोर बांध, म्हणतात. तो रक्त थुंकतो आणि विचारतो, "तुना बापनं शे का रे ते?" मग ते त्याचं कोपर उलटं मोडतात. हाड मोडल्याचा आवाज दूरवर ऐकू जातो. शेवटी लोखंडी आकडा टाकून यंत्राने ओढतात. दोनदा अडकतं, तिसऱ्यांदा शिखर तुटून वर येतं. त्यावरच्या देवीला तोंड उरलेलं नसतं.

दवाखान्यात तो मला म्हणाला, "ताई, कागदवर कसाले लिखं तुम्हीन? आम्हले बठ्ठास्ले माहीत व्हतं. कोन्ही बोले नही." गावात सगळ्यांनाच माहीत होतं, आणि त्यांच्या न बोलण्यानेच ते इतकी वर्षं टिकलं होतं. मला कायदा हवा होता.

वाळूवाले चौघेही जामिनावर सुटलेत. भोयाशी त्यांचं जुनं भांडण होतं, म्हणून तो खोटं सांगतो, असं त्यांचा वकील म्हणतो. पाहणारं आणखी एक माणूस असतं तर, असं फौजदार माझ्याकडे बघत म्हणाले. मी पोचले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं, असं मी जबाबात लिहून दिलंय.

सर, नोटिशीचा फोटो काढायला मी त्या दिवशी सकाळीच गेले होते. पहिल्या घावापासून शेजारच्या केळीच्या बागेत बसून होते, फोन हातात धरून. भोयाने मला पाहिलं असावं. दवाखान्यात त्याने तो विषय काढला नाही.

हे तुम्हाला लिहिता आलं, कारण तुम्ही मला साक्षीला बोलावणार नाही.