मोफत शाळा आणि माझी लेक

१८ जून, मुरुड

दोन महिने वही उघडली नाही, चुकलंच. पण आजचं लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

शबानाबी मुलीचा दाखला मागायला शाळेत आल्या. मुलीला फी भरून इंग्रजी शाळेत घालायचं म्हणाल्या. मी समजावलं, फिनलंडमध्ये शाळेला फी नाही, जेवणसुद्धा मोफत. आपली जिल्हा परिषदेची शाळाही तशीच.

"तिथं डॉक्टरची लेकरं बी त्याच शाळेत असतेत का, सर?"

"असतात."

"मंग तुमची लेक बी आपल्यासारख्याच शाळेत असंल?"

"ती लातूरला असते," मी म्हणालो.

विचारली शाळा, मी सांगितलं गाव. ती फी भरून इंग्रजी शाळेत जाते, हे गिळलं.

"हाव का? मंग तिथं बी अशाच शाळंत असंल. ऱ्हाऊ द्या दाखला," म्हणत त्या समाधानानं उठल्या.

लातूरला! खोटं नव्हतं, पण खरं तरी होतं का? माझी शाळा चांगली आहे, हे मी शपथेवर सांगेन. मग माझीच लेक इथे का नाही? फिनलंडच्या मास्तरला कुणी असं विचारतच नसेल. माझ्या त्या एका शब्दावर शबानाबींनी मुलीचं शिक्षण ठरवलं.

उद्या : परिपाठाआधी शबानाबींच्या घरी जाऊन खरं सांगणे, दाखल्याचा अर्ज सोबत नेणे.