बावीस मिलिमीटर

३ तारीख

आजपासून मी कमावती! नवी वही, नवी नोकरी, आणि अंगात दोन मापं मोठा पांढरा कोट. आईला फोन केला, तर म्हणे वेळेवर जेव आणि कुणाला उलट उत्तर देऊ नकोस. लेक बरोबर ओळखली आहे तिने.

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर आमची लॅब. आम्ही तिघीच: मी, काचसामान धुणाऱ्या मावशी, आणि मुख्य बाई. बाईंना सगळे पाठीमागे मिलिमीटरबाई म्हणतात. काम झकास आहे. रुग्णाच्या जखमेतले जंतू चपट्या बशीतल्या घट्ट जेलीवर सारवायचे. वर सहा वेगवेगळ्या औषधांच्या सहा कागदी चकत्या ठेवायच्या, एकेक सहा मिलिमीटरची. मावशी त्यांना टिकल्या म्हणतात. मग बशी पालथी करून रात्रभर उबेच्या कपाटात. सकाळी काळ्या कापडावर धरून मागून पट्टी लावायची. चकतीभोवती मोकळं वर्तुळ जेवढं मोठं, तेवढा औषधाचा जोर. जंतू थेट चकतीला भिडले असतील, म्हणजे सहाच भरले, तर ते औषध फुकट.

बाईंनी बजावलं, प्रत्येक चकती चिमट्याने हलकेच दाबायची, नाहीतर बशी पालथी केली की ती झाकणात पडते. मी म्हटलं, बाई, कॉलेजात दोन वर्षं हेच केलंय. जरा जास्तच टेचात म्हटलं.

७ तारीख

खाट नऊचा नमुना आला. बसचा ड्रायव्हर, पायाची जखम चिघळलेली. त्याची बायको खिडकीशी येऊन विचारत होती. मी ऐटीत सांगितलं, परवा सकाळी रिपोर्ट तयार. ती मला ताई म्हणाली, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी असून. काय भाव वाढला माझा!

९ तारीख

कुणाला सांगू नये असं काही झालं, म्हणून इथे लिहिते. खाट नऊच्या बशीतली पहिली चकती झाकणात पडलेली. दाबायची राहिली. पुन्हा लावायची तर आणखी एक दिवस, आणि बाईंपुढे नाक कापलं जाणार. डॉक्टरांचा फोन आला, पहिल्या औषधाचं काय? ते सगळ्यात स्वस्त, लगेच मिळणारं. मी म्हणाले, बावीस. बावीस म्हणजे चांगलंच लागू पडतं. चकती केराच्या डब्यात टाकली.

पण एवढ्या तेवढ्याने काय होतंय.

११ तारीख

ड्रायव्हरची बायको मुद्दाम खाली आली. म्हणाली, "ताई, तुमच्यामुळे औषध लवकर सुरू झालं. देव तुमचं भलं करो." मला मान वर करवेना. फ्रिज उघडून उगाच आत बघत बसले, ती जाईपर्यंत.

आणि एक विचित्रच. आज चार बश्या वाचल्या. सगळ्या चकत्या बावीस. पट्टी बदलली, तरी बावीस. डोळे चुरचुरताहेत असं सांगून बश्या बाईंना दिल्या. त्या वाचत गेल्या: सहा, पंधरा, तीस, सहा... मला म्हणाल्या, चष्मा कर बाई.

१३ तारीख

चष्म्याचं नाही हे. कोटाचं बटण मोजलं, बावीस. करंगळीचं नख, बावीस. हाताची अख्खी वीत, तीही बावीस मिलिमीटर.

खाट नऊचा ताप उतरत नाही. डॉक्टर बाईंना विचारत होते, रिपोर्ट पक्का ना? बाई म्हणाल्या, पोरगी हुशार आहे. त्याऐवजी कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं. आता सांगायचं म्हणून मी उठले. तोंडातून निघालं, बाई, चहा घेणार?

लाज वाटते. स्वतःची किळस येईल इतकी लाज.

१४ तारीख

खाट नऊचा दुसरा नमुना. पाय काळा पडत चाललाय. उद्या चकत्या लावेन. एकेक दाबून.

१५ तारीख

लावल्या. सहाही दाबल्या. बाई आठ दिवसांसाठी गावाला गेल्या. किल्ल्या माझ्या हातात दिल्या —

१६ तारीख

सहाही चकत्या बावीस. मला तेवढंच दिसतं.

शेवटी मावशींना बशी दाखवली. तीस वर्षं बाईंच्या मागे उभ्या राहून बघताहेत त्या. म्हणाल्या, "अगं, पहिलीला कुठे काय मोकळं आहे? टिकलीपर्यंत भिडलेत मेले. ती चौथी बघ, केवढी मोकळी." म्हणजे पहिलं औषध फुकट. चौथं द्यायला हवं. आजच.

आणि मी काय केलं? मावशींना म्हटलं, कुणाला बोलू नका, मी सांगते. त्या मान हलवून दोन वाजता घरी गेल्या. त्यांच्याकडे फोनही नाही.

डॉक्टरांकडे गेले. पहिलीला सहा, एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून आलं, बावीस. पुन्हा बोलले. बावीस. ते म्हणाले, म्हणजे औषध बरोबर आहे, मग पायच काढावा लागेल, चार वाजता. त्याची बायको दाराशी उभी होती. तिने माझा हात धरला —

२२ तारीख

नाही. आज सोळा — लिहिताना २२ होतंय.

तोंडाने जमत नाही, म्हणून लिहून देते. पान फाडून डॉक्टरांच्या हातात ठेवायचं. अजून अर्धा तास आहे.

डॉक्टर, मी खोटं बोलले. खाट बावीस — नाही, बसचा ड्रायव्हर — त्याची पहिली चकती मी वाचलीच नव्हती. ती झाकणात पडली होती. खरा आकडा बावीस. नाही. खरा आकडा बावीस. त्याला बाविसावं औषध द्या, ते लागू पडेल, मावशींनी स्वतः बघितलंय, बाविसावी टिकली —

सहाच आहेत. बशीत सहाच असतात. पहिली, दुसरी, तिसरी, बाविसा —

वर ट्रॉलीची चाकं वाजताहेत. त्याची बायको खिडकीशी आली आहे. विचारतेय, ताई, नक्की ना? मी मान हलवते आहे. नाही म्हणून हलवते आहे, आणि ती हात जोड