मांडीवरचा पाहुणा

दि. ४ जून

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. खोली बरी आहे. खिडकी समोरच्या भिंतीवर उघडते, पण उघडते. खोलीतली मैत्रीण झोपेत दात खाते. तिला एकदा आमच्या दवाखान्यात नेणार आहे.

आता खरी बातमी. डेंटल असिस्टंट होणं म्हणजे डॉक्टरांच्या हातात चिमटा देणं, असं बाबांसारखंच मलाही वाटायचं. तसं नाही गं. पेशंट आडवा झाला की त्याचं डोकं म्हणजे घड्याळातले बारा. डॉक्टर अकरावर बसतात, आम्ही तीनवर. उजव्या हातात पाणी ओढणारी नळी, ती तोंडातून हलवायची नाही. आणि डाव्या हाताने हत्यारं द्यायची-घ्यायची, तीही डॉक्टरांनी मागायच्या आत. मी काय करते, तर नळी बाजूला ठेवून उजव्याच हाताने हत्यार देते. तोवर पेशंटच्या तोंडात तळं साचतं. काल एका आजोबांना ठसका लागला आणि माझ्या हातातला दात बघायचा आरसा त्यांच्या छातीवर पडला. शिकवणाऱ्या बाई ओरडल्या नाहीत. तुझा डावा हात मांडीवर का बसलाय, पाहुणा आहे का, एवढंच त्यांनी विचारलं. सगळे हसले, ठसका थांबल्यावर आजोबासुद्धा.

बाकीच्या मुली डावा हात चालत नाही म्हणून रडकुंडीला आल्यात. मी तर जन्माची डावखुरी. पण तो हात पुढे न्यायला गेले की तुझा रुमाल आठवतो, जेवताना आणि लिहिताना तू ज्याने हा हात खुर्चीला बांधायचीस. हात आपोआप मागे येतो. चिडून लिहीत नाही, पण लिहिल्याशिवाय राहवलंही नाही.

परीक्षा जुलैअखेरीस आहे. बाबांची अट तुला माहीतच आहे. पहिल्या फटक्यात पास, नाहीतर परत येऊन त्यांच्या कापडाच्या दुकानात कायमचं बसायचं. मी काही बसणार नाही.

लोभ आहे तसा राहू दे. चार शब्द रागाचे आले तरी चालतील.

तुझी
खारूताई


दि. १२ जून

चि. खारूताईस अ. उ. आ.

रागाचे चार शब्द मागितलेस, घे. रुमाल मऊ होता आणि गाठ सैल होती. शाळेत तुझ्या बोटांवर पट्टी बसू नये म्हणून मी घरी रुमाल बांधला. डावखुऱ्या माणसाला जग पावलोपावली डावलतं. हे तुला ठाऊक नाही, मला आहे.

तुझ्या बापाचं काय सांगू. परवा जेवताना म्हणाला, की दुसऱ्यांचे दात कोरून कुणाचं पोट भरलंय. मी त्याला विचारलं, की दुसऱ्यांसाठी कापड फाडून तुझं भरतंय ना. तेव्हापासून आमचं बोलणं मीठ इकडे सरकव एवढ्यापुरतंच.

माझी दाढ ठणकतेच आहे. लवंग धरते नि एका बाजूने चावते. दवाखान्याचं नाव माझ्यापुढे काढू नकोस.

हात आपोआप मागे येतो म्हणतेस. आपोआप काही येत नाही, मी वर्षभर खपून आणलाय. मागे यायला शिकला तसा पुढे जायलाही शिकेल. शिकव त्याला. रडत बसू नकोस.

जेवणाची आबाळ करू नकोस, आणि आत्या खाष्ट असली तरी आपली आहे हे ध्यानात ठेव.

तुझी
आत्या


दि. ३ जुलै

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

‘पुढे जायलाही शिकेल’ हे तुझं वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून आरशाशेजारी लावलंय. रोज संध्याकाळी मी उजवा हात खुर्चीच्या दांड्याला बांधते. त्या हातात नळी म्हणून टूथब्रश. मैत्रीण तोंड उघडून पडते आणि मी डाव्या हाताने चमचे देते-घेते. पहिल्या आठवड्यात तिच्या कपाळावर दोन टेंगळं आली. असिस्टंट झालीस की माझे दात जन्मभर फुकट बघायचे, असं तिने माझ्याकडून कबूल करून घेतलंय. आता चमच्याकडे न बघता जमतं. बाई परवा म्हणाल्या, की पाहुणा कामाला लागला.

पण एक घोडं अजून अडलंय. खुर्चीत तुझ्या वयाची बाई असली आणि तिने माझ्या हाताकडे पाहिलं, की तो हात गुपचूप मांडीवर येतो. सोमवारी असंच झालं. परीक्षेत झालं तर संपलंच.

म्हणून ठरवलंय. परीक्षेला पेशंट ज्याने त्याने आणायचा असतो, आणि मला सगळ्यात अवघड पेशंट हवाय. तू ये. तुझी दाढही भरून होईल. नाही म्हणशील हे माहीत आहे, म्हणून आधीच सांगते, तुझी वेळ घेऊन ठेवली आहे.

माया पातळ करू नकोस.

तुझी
खारूताई


दि. १० जुलै

चि. खारूताईस अ. उ. आ.

नाही. ज्या खुर्चीत माणसाला उताणं पाडतात तिथे मी येणार नाही. त्रिवार नाही.

वरचं लिहून पाकीट चिकटवलं होतं. नंतर दोन दिवस दाढेने घास घेऊ दिला नाही. पाकीट फोडून खाली लिहिते आहे. सव्वीसला दुपारच्या गाडीने येते. अट एकच. मी डोळे मिटणार नाही. तुझ्या हाताकडेच बघणार आहे. जमत असेल तर बोलाव.

बाकी भेटीत. तोवर आहेस तशी हट्टी राहा.

तुझी
आत्या


दि. २ ऑगस्ट

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

पास झाले. निकाल लागायच्या आत तू गाडी पकडलीस, म्हणून पत्राने कळवते. डॉक्टरांनी मला इथेच कामाला ठेवून घेतलंय. बाबांना हे पत्र मोठ्याने वाचून दाखव.

तू कबूल केल्याप्रमाणे डोळे वटारून बघत होतीस. खोटं कशाला सांगू, पहिला आरसा देताना हात थांबला. निम्म्या वाटेवरून मागे फिरणारच होता. तेवढ्यात तोंड उघडं असताना तू हनुवटीने खूण केलीस, पुढे. परीक्षकांना वाटलं तुला दुखतंय. मला बरोबर कळलं. त्यानंतर हात मागे आला नाही, नळी हलली नाही, आणि डॉक्टरांना एकही हत्यार मागावं लागलं नाही.

एक विचारायचं आहे. चूळ भरायला पेला दिला तेव्हा तू घाबरलेली होतीस, आणि तो डाव्या हाताने घेतलास. मग माझ्याकडे बघून पटकन उजव्या हातात घेतलास. आत्या, मी तीनवर बसते. तिथून सगळं दिसतं.

उत्तर दिलं नाहीस तरी लोभ कमी होणार नाही. पण दे.

तुझी
खारूताई


दि. ११ ऑगस्ट

चि. खारूताईस अ. उ. आ.

तुझ्या बापाला पत्र दोनदा वाचून दाखवलं. तेव्हापासून तो दुकानात येईल त्याला विचारतो, की दात कसे आहेत, दुखत असतील तर पोरीचा पत्ता देतो. माझी दाढ गप्प आहे. दोन्ही बाजूंनी चावते.

आता तू विचारलंस त्याचं. मला रुमाल नव्हता. माझ्या आईने सुतळी बांधली होती. तुला रुमाल बांधताना मला वाटायचं, आपण किती मायेने करतोय. आईला दोष देऊ की स्वतःला, आपलेच दात नि आपलेच ओठ. माझाही पाहुणा पन्नास वर्षं मांडीवर बसून आहे. तुझा हात माझ्या हनुवटीखालून बिनचूक जाताना बघत होते तेव्हा कळलं, की मी काय बांधून ठेवलं होतं. चुकलं माझं. समोर सांगवलं नाही. तोंडात कापूस होता ही सबब झाली, तो निघाल्यावरही सांगितलं नाही.

हे अक्षर बघून म्हातारीचा हात थरथरायला लागला असं तुला वाटलं असेल. थरथरत नाही. या एका पत्राला चार दिवस लागले, कारण ते मी डाव्या हाताने लिहिलंय.

लोभ होताच. आता दोन्ही हातांनी आहे.

तुझी
आत्या