चौथ्या चाकाचे कुंकू

रामवाडी, पेण
१८ ऑगस्ट २०२५

अखिलरोहामंडलभूषण, चतुश्चक्ररथसारथ्यधुरंधर, द्वितीयप्रयत्ने परवानाविजयिनी, कुंडलिकासेतुलंघनोत्सुका चिरंजीव मृणाली हिला मातुल गुणाजी याचे अनेक आशीर्वाद.

फोनवर माझी भाषा मावत नाही, म्हणून रोज रोह्याहून पेणला नोकरीस येणाऱ्या दर्शनाच्या हाती हे पत्र. तुझ्या वडिलांची शिफ्ट असल्याने पेणहून गणपती आणण्याचा मान यंदा प्रथमच तुझा. परंतु गाडी खडखडली तर टेम्पो, अशी तुझ्या मातोश्रींची, म्हणजे आमच्या विमलताईची, राजाज्ञा! सबब काल तुमच्या अंगणात मी तीन चाकांचे नट आवळले आणि खूण म्हणून प्रत्येक नटास कुंकवाचा टिळा लावला. चौथ्या चाकाशी पोचलो, तोच ताईने घावन वाढल्याची घोषणा केली. क्षुधेपुढे यंत्रशास्त्र नमले.

ज्या चाकास कुंकू नाही, ते तू आवळ. एक नट झाला की त्याच्या समोरचा, हा क्रम मोडू नये.

तुझा यंत्रविशारद,
गुणाजीमामा

रोहे
२१ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप मामांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचताच पाना घेऊन अंगणात धावले. पण कुंकू नसलेलं चाक एकही नाही! आईला विचारलं, तर म्हणाली, अगो, तीन चाकांना कुंकू नि चवथ्याला नाय, गणपतीच्या गाडीला असं करतात काय? तिने राहिलेलं चाक स्वतःच सजवलं, वर स्टेपनीलाही हळदकुंकू वाहिलं. कोणतं चाक, ते तिला आठवेना. तुम्हाला फोन केला, तर घावनाखेरीज काही आठवत नाही म्हणालात.

मग सोळाच्या सोळा नट तपासले. मागचं डावं चाक सैल निघालं. पण मामा, पुढचं उजवंही सैल! आई शपथेवर सांगते की तिने एकाच चाकाला कुंकू लावलं. मग हे दुसरं कुणाचं?

दोन्ही आवळली आणि आईला शेजारी बसवून पुलावरून अष्टमीपर्यंत फेरी मारली. खडखड गायब! उतरताना आई एवढंच म्हणाली, टेम्पोवाल्याला नको म्हणून कळव. रविवारी येते, मामा! मीच येते!

आपली आज्ञाधारक,
मृणाली

रामवाडी, पेण
२५ ऑगस्ट २०२५

षोडशनटमर्दिनी, खडखडासुरसंहारिणी चिरंजीव मृणाली हिला अनेक आशीर्वाद.

काल घरी पोचल्यावर तू कळवलेस की बाप्पाच्या मुखावरचा रुमालसुद्धा ढळला नाही. हे शुभवर्तमान मी साऱ्या रामवाडीत दोनदा सांगितले. काहींनी तिसऱ्यांदा ऐकण्यास नकार दिला.

आता कबुली. कार्यारंभी पूजन, हा आपला परिपाठ. त्यानुसार पुढच्या उजव्या चाकास मी आधी कुंकू लावले. मग गुडघा कुरकुरला म्हणून उठलो, आणि नट न आवळताच बसलो तो दुसऱ्या चाकाशी. ताईने माझी खूण बिघडवली नसती, तर एकच चाक आवळून तू निघाली असतीस. काल मूर्ती तुझ्या गाडीत ठेवताना हे मनात आले आणि माझे संस्कृत क्षणभर बंद पडले. ताईस माझा साष्टांग नमस्कार सांग. कारण मात्र सांगू नकोस.

लोभ आवळलेला असावा, सैल पडू देऊ नये.

गुणाजीमामा

ता. क. माझी पान्यांची पिशवी तुझ्या डिकीत राहिली आहे. दर्शना म्हणते, यष्टीत उभं राहून यायचं, वर तुमचं लोखंड कोण उचलील? इकडे माझ्या खुर्चीचे दोन नट निखळले असून हे पत्र मी उभ्याने लिहिले आहे.