मांजरीला जायची सायकल

११ ऑक्टोबर २०१५, रविवार. सकाळी ११
वैष्णवी माहेरी जाऊन आज नऊ दिवस. भांडण काही मोठं नव्हतं. तिचं म्हणणं एवढंच, की मी एकही गोष्ट तडीस नेत नाही. पुरावा म्हणून गिटार, जिमची फी, जर्मनचा क्लास आणि बाल्कनीतले टोमॅटो अशी यादीच वाचून दाखवली. टोमॅटो मेले, त्यात माझा काय दोष! जाताना म्हणाली, राग गेला की न्यायला ये. राग मला नव्हताच. तिलाच होता.
आमच्या हडपसरच्या फ्लॅटपासून तिचं माहेर, मांजरी गाव, सात किलोमीटर. स्कूटरवर वीस मिनिटं. पण स्कूटरवर जाण्यात काय राम आहे? मी सायकलवर जाणार. कार्बन फ्रेमच्या, स्वतः जुळवलेल्या. दारात उतरून हेल्मेट काढलं की तिला कळेल, हा माणूस बदलला.

१४ ऑक्टोबर, बुधवार
फ्रेम ऑर्डर केली. डायरेक्ट चायनाहून. ऑफिसातल्या श्रीधरची आहे तशीच, फक्त हिच्यावर कंपनीचं नाव नाही. पैसे त्या नावाचेच असतात. माझ्या जुन्या सायकलचे सगळे पार्ट तिला लागतील. श्रीधरने विचारलं, मापं नीट बघितलीस ना? जळतो, दुसरं काय.
रात्री वैष्णवीचा फोन. कधी येतोस म्हणाली. म्हटलं, सरप्राइज आहे. बरं, ठेवते म्हणाली. खूश झाली असणार.

२२ ऑक्टोबर, दसरा
सासऱ्यांनी स्वतः फोन करून जेवायला बोलावलं. बासुंदी आहे म्हणाले. पण आज स्कूटरवर गेलो तर पुढच्या एंट्रीची मजाच जाणार. ऑफिसात प्रोडक्शन रिलीज आहे, सुट्टी नाही असं सांगितलं. बरं म्हणाले. चांगला माणूस.
दुपारी पावभाजी खाल्ली, एकट्याने. उद्यापासून पहाटे साडेपाचला उठून वीस किलोमीटर. पोट गेलंच पाहिजे.

२३ ऑक्टोबर. सकाळी ९:१०
परवापासून.

३० ऑक्टोबर, शुक्रवार
पार्सल मुंबईत कस्टम्समध्ये अडकलंय. कागदपत्रं तीनदा पाठवली. शेवटी मेल टाकला, की 'अर्जंट फॅमिली मॅटर' आहे. खोटं काय त्यात?
वैष्णवीचा फोन. बँक तिला नाशिकला बदली देतेय. एकदा नाही म्हणाली, तर परत विचारलं त्यांनी. काय सांगू, म्हणाली. मी म्हटलं, तुझं करिअर आहे, तू ठरव. मी असल्या बाबतीत फार पुढारलेला. मग तिने विचारलं, पण तुला काय वाटतं? म्हटलं, पार्सल सुटलं की बोलू. फोन कट झाला. मांजरीचं नेटवर्क!

७ नोव्हेंबर, शनिवार
आली! खोकं उघडून तासभर नुसता बघत बसलो. एका बोटावर उचलता येते हो! (दोन बोटांवर.)
लगेच मच्छिंद्रच्या दुकानात नेली. त्याने हयातभर साध्या सायकली दुरुस्त केल्या, पण हात चांगला. उलटी केली, टिचकी मारली, प्लास्टिक आहे का म्हणाला. मग एकेक पार्ट लावून बघितला. पेडलचा एक्सल बसत नाही, भोक मोठं. सीटचा दांडा बसत नाही, पाइप बारीक. पुढचा फोर्क तर आत जायलाच तयार नाही. मी विचारलं, मग जुन्यातलं लागेल तरी काय? म्हणाला, घंटी.
नवे पार्ट मुंबईहून मागवले. पाडव्याच्या आत येतील. यायलाच पाहिजेत.

१२ नोव्हेंबर, पाडवा
मुंबईचं दुकान दिवाळीला बंद.
सकाळी आठला वैष्णवीचा मेसेज : ताट तयार आहे. दुपारी एकला : आई विचारतेय. त्यानंतर काही नाही.
लग्नाला चार वर्षं झाली, पाडव्याला तिने ओवाळलं नाही असं कधी झालं नाही. मी उटणं लावून अंघोळ केली होती. नवा कुर्ता घातला. स्कूटरची किल्ली घेऊन खाली पार्किंगपर्यंत गेलो. मग विचार केला, महिनाभर कळ काढली आणि आता चार दिवसांसाठी सगळं वाया घालवायचं? वर आलो. पाडवा काय, दर वर्षी येतो.
घर फार शांत आहे. कुर्ता काढवेना. तसाच आडवा झालो.

१९ नोव्हेंबर, गुरुवार
सोमवारी पार्ट आले. सायकल उभी राहिली. काय दिसते! फक्त सीट खाली सरकते. मच्छिंद्रने बजावलं होतं, एवढंच आवळा, जास्त नको. पण सैल कशाला ठेवायचं? घरी आणून अंगातला सगळा जोर लावला. कट्‌ असा आवाज आला. सीटखाली केसाएवढी चीर. कोणाला दिसतेय! वर इलेक्ट्रिकची टेप गुंडाळली.
वैष्णवी मंगळवारपासून फोन उचलत नाही. रुसलीय. रविवारी बघेलच.

२२ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळ
गेलो.
रेल्वे फाटकाच्या अलीकडेच सीट पार खाली बसली. गुडघे छातीला लागायला लागले, म्हणून पुढचं सगळं उभ्याने मारलं. घामाने भिजून दारात उतरलो, हेल्मेट काढलं. सासरे अंगणात होते. या म्हणाले. नुसतं या. एरवी जावईबापू म्हणतात. सायकलीकडे त्यांनी बघितलंही नाही.
सासूबाईंनी पाणी आणलं. वैष्णवी मंगळवारीच नाशिकला गेली. बँकेला सोमवारी उत्तर द्यायचं होतं. मी विचारलं, एवढ्या घाईत सामानाची तयारी कशी केली? तर म्हणाल्या, बॅग भरलेलीच होती. मी कधीही येईन म्हणून तिने ती दीड महिना उघडलीच नव्हती. रोज लागतील ते कपडे आईकडचे जुने घालायची. तीच बॅग घेऊन गेली.
मला तिथेच रडू आलं. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला, पण माझ्याजवळ आल्या नाहीत.
मी निघताना त्यांनी एवढंच सांगितलं. सोमवारी संध्याकाळी वैष्णवी चांगला ड्रेस घालून ओट्यावर येऊन बसली. रस्त्यावर स्कूटरचा आवाज आला की उठायची, पुढे जाऊन बघायची, परत येऊन बसायची. सात वाजता आत गेली आणि बँकेतल्या साहेबांना फोन केला, की येते.
सोमवारी सात वाजता मी मच्छिंद्रच्या दुकानात होतो. हँडलला काळी टेप लावायची की लाल, ते ठरत नव्हतं. अर्धा तास त्यात गेला.
शेवटी लाल लावली. तिला लाल आवडतो.